व्हर्जिनाची ती कबर नक्की सिकंदराच्या वडिलांचीच का?

बरेच अभ्यासक हो म्हणतात, पण आत कुणाचं नाव कोरलेलं नाही. उत्तर ग्रीसमधलं व्हर्जिना म्हणजे मॅसिडोनियाची जुनी राजधानी एगाई. सिकंदराच्या वडिलांचा, म्हणजे फिलिप दुसऱ्याचा खून इ.स.पू. 336 मध्ये इथल्याच नाट्यगृहात झाला. 1977 मध्ये ग्रीक पुरातत्त्वज्ञ मनोलिस आंद्रोनिकोस यांनी मातीचा मोठा ढिगारा खणला, तेव्हा चोरांच्या तावडीतून सुटलेली ही कबर मिळाली. आत सोन्याची पेटी, झाकणावर सोळा किरणांचा तारा, पेटीत चितेवर जळलेली हाडं. भांडण आहे ते या हाडांवरून. काहींच्या मते ती सिकंदराच्या सावत्र भावाची, अऱ्हिडियसची. काही तर फिलिपला शेजारच्या, लुटल्या गेलेल्या कबरीत शोधतात. मला आंद्रोनिकोस यांचंच म्हणणं पटतं: ही कबर फिलिपचीच.