घरून ट्रेडिंगसाठी सहा मॉनिटर लावायचेत, दुकानदार आय९ आणि गेमिंग ग्राफिक्स कार्ड घ्या म्हणतोय, घेऊ का?

नका घेऊ. निदान हे कोटेशन तरी नका घेऊ.

तुम्ही लिहिलंय की नोकरी सांभाळून दोन वर्षं मोबाईलवर ट्रेडिंग केलं, आता पूर्ण वेळ घरून करायचंय, बजेट दोन लाखांचं आहे आणि दुकानदाराने आय९ प्रोसेसर, आरटीएक्स ४०७० कार्ड आणि २७ इंची सहा मॉनिटर असं लिहून दिलंय. मी चिंचवडला राहतो, २०१९ पासून घरून निफ्टीचे ऑप्शन (निर्देशांकावरचे मुदतीचे सौदे) करतो, सुरुवातीला दोन मॉनिटर होते, मग वाढत वाढत पाच झाले आणि आता तीन आहेत. त्यामुळे जे सांगतोय ते स्वतःच्या खिशातून पैसे घालून कळलेलं आहे.

आधी हे बघा की तुमच्या कॉम्प्युटरला काम काय पडणार आहे. भाव एक्स्चेंजकडून ब्रोकरकडे येतो, ब्रोकरच्या सर्व्हरवरून तुमच्याकडे, आणि ब्राउझर तो आकडा बदलतो, कँडल (चार्टवरचा भावाचा उभा ठोकळा) जराशी वर-खाली करतो, इंडिकेटर (भावावरून काढलेल्या रेषा) परत मोजतो. बस. यात थ्रीडी गेमसारखं काही नाही, म्हणून ४०७० सारखं कार्ड दिवसभर नुसतं बसून राहील. आणि फास्ट मशीन घेतलं म्हणजे ऑर्डर आधी लागेल असं दुकानदार सांगत असेल तर ते डोक्यातून काढून टाका. ज्यांना वेगाची शर्यत करायचीय त्यांचे सर्व्हर मुंबईत बीकेसीला एनएसईच्याच, म्हणजे शेअर बाजाराच्याच, जागेत भाड्याच्या रॅकमध्ये ठेवलेले असतात, तिथे हिशोब मायक्रोसेकंदांत चालतो. आपल्या घरातून निघालेली ऑर्डर नुसती राउटर, वायर आणि ब्रोकरचा सर्व्हर पार करेपर्यंत त्याच्या कितीतरी पट वेळ घेते, तिथे आय५ आणि आय९ मधला फरक कुठे दिसणार.

प्रोसेसर म्हणून आय५-१२४०० किंवा रायझन ५ ५६००जी यातलं काहीही पुरतं, याच्या पुढच्या पिढीतलं त्याच दर्जाचं मिळालं तर तेही चालेल. चार्टच्या कामाला खूप कोअर असण्यापेक्षा एकेक कोअर फास्ट असणं जास्त उपयोगी पडतं. रॅम मात्र बघून घ्या. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की कोणता टॅब किती मेमरी खातोय ते दिसतं, बाजार चालू असताना एकदा बघा, चार-पाच इंडिकेटर लावलेला एकेक चार्ट काही शे एमबी सहज घेतो आणि दुपारपर्यंत तो आकडा चढत जातो. १६ जीबी ही खालची पायरी समजा, ३२ असेल तर निवांत. आणि जेवढी घ्याल तेवढी दोन सारख्या स्टिकमध्ये घ्या, एकच मोठी स्टिक लावून दुसरा स्लॉट रिकामा ठेवू नका, कारण प्रोसेसरमधलं ग्राफिक्स वापरणार असाल तर त्याला वेग रॅमकडूनच मिळतो. एसएसडी ५०० जीबीची एनव्हीएमई घ्या, त्यावर जास्त विचार करायची गरज नाही.

खरी गडबड होते ती पोर्टमध्ये, आणि याबद्दल दुकानात कुणी आपणहून बोलत नाही. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावापुढे एफ असेल, म्हणजे १२४००एफ, तर त्यात ग्राफिक्सच नसतं. तो थोडा स्वस्त असतो म्हणून कोटेशनमध्ये हळूच घुसतो, आणि मग वेगळं कार्ड घेतल्याशिवाय एकसुद्धा स्क्रीन लागत नाही. रायझनमध्ये ५६०० आणि ५६००जी यांचं तसंच आहे, जी नसेल तर ग्राफिक्स नाही. बरं, प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे म्हणून चार मॉनिटर लागतील असंही नाही, कारण स्वस्त मदरबोर्डच्या मागे बरेचदा एक एचडीएमआय आणि एक जुनं व्हीजीए एवढंच असतं. बोर्डचा मॉडेल नंबर घ्या, कंपनीच्या साइटवर मागच्या बाजूचा फोटो शोधा आणि बोट ठेवून पोर्ट मोजा.

तीन-चार स्क्रीनसाठी मला आवडलेलं कार्ड म्हणजे एनव्हिडियाचं टी६०० किंवा टी१०००. ऑफिस आणि डिझाइनवाल्यांसाठी बनवलेली छोटी कार्डं आहेत, चार मिनी डिस्प्लेपोर्ट असतात, टी१००० सुद्धा ५० वॅटच्या आत चालतं, एसएमपीएसमधून (पॉवर सप्लायमधून) वेगळी केबल ओढावी लागत नाही आणि पंख्याचा आवाजही जवळजवळ नाही. नव्या मालिकेतलं ए४०० मिळालं तर त्यालाही चार आहेत. टी४०० घेताना सांभाळून, त्याला तीनच असतात. जीटी १०३० तर घेऊच नका, त्याला दोन पोर्ट म्हणजे कार्ड घेऊनही तुम्ही तिथेच. मिनी डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआयचं कन्व्हर्टर बॉक्समध्ये आहे का ते विचारा, नसेल तर चार केबलचे पैसे वेगळे धरा. आणि मशीन घरी आल्यावर मॉनिटरची वायर कार्डाच्या पोर्टमध्ये लावा, वरच्या बाजूला मदरबोर्डचं जे पोर्ट असतं त्यात नाही. एका मित्राकडे मी हेच बघितलं, कार्ड बसवून चार महिने झालेले आणि मुख्य स्क्रीनची वायर बोर्डमध्येच, तो म्हणायचा कार्डाने काही फरकच पडला नाही.

बजेट वाचवायचं असेल तर ऑफिसमधून निघालेले रिफर्बिश्ड डेस्कटॉप बघा, ऑप्टिप्लेक्स, एलिटडेस्क, थिंकसेंटर असले. मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतात, ऑनलाइनही मिळतात. फक्त इंटेलची आठवी पिढी किंवा त्याच्या पुढचंच घ्या, कारण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे, मोजके अपवाद सोडले तर, त्याच्या आधीच्या इंटेल प्रोसेसरवर चालत नाही. ज्या खात्यातून रोज पैसे हलतात ते खातं सिक्युरिटी अपडेट बंद झालेल्या मशीनवर उघडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. या डब्यांमध्ये बारीक उंचीचं मॉडेल असेल तर त्यात पूर्ण उंचीचं कार्ड बसत नाही, वर सांगितलेली टी मालिका अर्ध्या उंचीच्या पट्टीसकट येते म्हणून बसते.

आता मॉनिटर, आणि इथे पैसे घाला, कारण सव्वानऊ ते साडेतीन तुमचे डोळे इथेच असणार आहेत. दुकानदाराने लिहिलेले २७ इंची जर साधे फुल एचडी असतील, म्हणजे १९२० बाय १०८०, तर घेऊ नका. २४ इंचात तेवढेच पिक्सेल असले की इंचाला ९२ च्या आसपास पडतात, २७ इंचात ते ताणून ८२ च्या आसपास होतात, आणि ऑप्शन चेनमधले, म्हणजे ऑप्शनच्या भावांच्या तक्त्यातले, बारीक आकडे, ३ आहे का ८ आहे, हे दुपारी दोननंतर डोळे थकले की नीट वाचता येत नाही. माझ्याकडे असा एक होता, त्यावर मी नकळत पुढे वाकून बसायला लागलो होतो, बायकोने लक्षात आणून दिलं तेव्हा कळलं. २४ ला फुल एचडी, २७ ला २५६० बाय १४४०, हे समीकरण धरा. आयपीएस पॅनल घ्या, कारण बाजूचे मॉनिटर आपण तिरके बघतो आणि स्वस्त टीएन पॅनलमध्ये तिरकं बघितलं की लाल-हिरवा फिका पडतो.

दुसरा पर्याय म्हणजे ४३ इंची एकच ४के स्क्रीन. ४के मध्ये फुल एचडीचे बरोब्बर चार स्क्रीन बसतात, मध्ये काळ्या कडा येत नाहीत, एकच वायर लागते. पण ती ६० हर्ट्झला चालली पाहिजे. जुनं एचडीएमआय १.४ चं पोर्ट असेल तर ४के ३० हर्ट्झलाच अडकतं, मग माउस ओढला की बाण मागे रेंगाळत येतो, क्रॉसहेअर कँडलवर नेमका ठेवताना वैताग येतो. डिस्प्लेपोर्ट किंवा एचडीएमआय २.० ने जोडा.

सहा का नको? मी पाच लावले होते तेव्हाचं सांगतो. एकावर निफ्टीचा पाच मिनिटांचा चार्ट, एकावर ऑप्शन चेन, एकावर पोझिशन (चालू सौदे) आणि ऑर्डर, चौथ्यावर बँकनिफ्टी आणि पाचव्यावर बातम्यांचा चॅनल. महिनाभर मी स्वतःकडे लक्ष दिलं तर चौथ्या-पाचव्याकडे मान फक्त तेव्हाच वळायची जेव्हा पोझिशन अंगावर आलेली असायची आणि मी कुठेतरी आधार शोधत असायचो. आणि त्या बघण्यातून एकदाही चांगला निर्णय निघाला नाही. दोन्ही काढून विकले. तुम्ही तर मोबाईलवरून येताय, दोन मॉनिटरसुद्धा मैदानासारखे वाटतील. दोन घ्या, कार्ड चार पोर्टचं घेऊन ठेवा, महिना-दोन महिने बसा आणि तिसऱ्यावर काय लावणार हे एका वाक्यात सांगता आलं की तिसरा घ्या.

आता ज्यासाठी खरं तर हे एवढं लिहायला बसलो ते. आमच्या भागात देखभालीसाठी लाईट जाते ती गुरुवारी, आणि तेव्हा निफ्टीची वीकली एक्स्पायरीही (आठवड्याच्या ऑप्शनची मुदत संपण्याचा दिवस) गुरुवारीच असायची. २०२३ च्या पावसाळ्यात एका गुरुवारी पावणेतीनला लाईट गेली. मी तयारीत होतो, कॉम्प्युटर यूपीएसवर, राउटरसुद्धा यूपीएसवर, पंखा बंद झाला तेवढाच काय तो फरक. कॉल विकलेला होता, म्हणजे बाजार चढला की तोटा, स्टॉपलॉस (ठरलेल्या भावाला सौदा आपोआप काढणारी ऑर्डर) सिस्टिममध्ये टाकला नव्हता, समोर बसून बघतोय ना मग हाताने काढू असं धरून चाललो होतो. तिन्ही स्क्रीन लखलखीत चालू, राउटरचे दिवे हिरवे, आणि कँडल हलेना. एक्स्पायरीला कधीकधी बाजार खरंच असा थबकतो, म्हणून मी मिनिटभर तसाच बघत राहिलो. मग खाली घड्याळाकडे बघितलं, मिनिट बदललेलं आणि चार्टवर नवी कँडल नाही. इंटरनेटच गेलं होतं. आमच्या जिन्यात मीटरच्या वर केबलवाल्याचा एक डबा आहे, बिल्डिंगमधलं सगळ्यांचं इंटरनेट त्यातून येतं आणि तो बिल्डिंगच्या लाईटवर चालतो. तो डबा आहे हेच मला तोवर माहीत नव्हतं. मोबाईलवर ॲप उघडून, लॉगिन, ओटीपी करून पोझिशन काढेपर्यंत साडेअकरा हजार गेले.

तेव्हापासून माझं असं आहे. स्टॉपलॉस सिस्टिममध्ये असल्याशिवाय पोझिशन नाही. मोबाईलमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम, ब्रोकरचं ॲप सकाळी नऊलाच लॉगिन करून ठेवलेलं, आणि कॉम्प्युटरला हॉटस्पॉट एकदा जोडून पासवर्ड सेव्ह केलेला, म्हणजे वेळ आली की एका क्लिकवर बदलतं. तुम्ही आजच जिन्यात जाऊन बघा, तुमचं फायबर थेट घरातल्या डब्यापर्यंत येतं का मध्ये असा काही स्विच आहे, आणि असेल तर केबलवाल्याला विचारा त्याला बॅटरी आहे का. राउटर आणि फायबरचा डबा वेगवेगळे असतील तर दोन्ही यूपीएसवर हवेत, एकच लावून उपयोग नाही. कॉम्प्युटरपर्यंत लॅन केबल ओढा, वायफायवर राहू नका.

यूपीएस ६०० व्हीएचा असतो त्यात बहुतेक वेळा १२ व्होल्ट ७ एएचची एकच बॅटरी असते, साधा कॉम्प्युटर आणि दोन-तीन मॉनिटरला ती दहा-पंधरा मिनिटं पुरते, पोझिशन काढून बंद करायला तेवढं बास. मोठं गेमिंग कार्ड लावलंत तर हा वेळ आणखी कमी होऊ शकतो, तेही एक कारण आहे ते न घेण्याचं. बॅटरी दोन-तीन वर्षांत दम सोडते, म्हणून शनिवारी कधीतरी प्लग काढून घड्याळ लावून बघत जा. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे यूपीएस मोडचं बटण असतं ते चालू करा, नाहीतर लाईट जाण्याच्या त्या झटक्यात कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो. निफ्टीची एक्स्पायरी सप्टेंबर २०२५ पासून मंगळवारी गेली पण सेन्सेक्सची गुरुवारी आली, तेव्हा आमच्याकडचा गुरुवार काही सुटला नाही.

दोन-तीन सेटिंग. क्रोमचा मेमरी सेव्हर बंद करा किंवा चार्टच्या साइटला त्यातून वगळा, नाहीतर बराच वेळ न उघडलेला टॅब तो झोपवतो आणि त्यावर लावलेला अलर्ट वाजत नाही. विंडोज अपडेटचे ॲक्टिव्ह अवर्स बाजाराच्या वेळेला धरून लावा. स्लीप बंद.

पैशांचं म्हणाल तर या हिशोबाने दोन लाखांतले निम्म्याहून जास्त उरायला हवेत. ते दुसऱ्या हार्डवेअरमध्ये घालू नका आणि लगेच मार्जिनमध्येही (ब्रोकरकडच्या अनामत रकमेत) टाकू नका, घरखर्चासाठी बाजूला ठेवा. बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे दिले होते, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन) करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात होते आणि खर्च धरून माणशी तोटा सरासरी दोन लाखांच्या आसपास. तुमचं सगळं बजेट तेवढंच आहे. पगार बंद होतोय, पहिले सहा महिने घर कशावर चालणार याचं उत्तर त्या उरलेल्या पैशांत असलं तर स्क्रीनसमोर बसताना हात थरथरत नाहीत, हे मी दोन्ही प्रकारे बसून बघितलंय.

दुकानदाराकडे परत जाल तेव्हा त्याला प्रोसेसरचं पूर्ण नाव शेवटच्या अक्षरासकट, बोर्डचा मॉडेल नंबर आणि कार्डावर कोणते पोर्ट किती, हे बिलावर लिहून द्यायला सांगा. लिहून द्यायला तयार नसेल तर दुसरं दुकान बघा.