धोंड्याच्या वाणासाठी कर्ज काढू का?

प्रश्न: थोरलीच्या लग्नानंतरचा हा पहिला अधिक महिना, 17 मे 2026 पासून. जावयांना दीड लाखाची साखळी आणि सराफाने दाखवलेला चांदीच्या 33 अनारशांचा संच द्यायचाय. एकूण 2 लाख. हातात पगार 42,000. पर्सनल लोन (14 टक्के, 3 वर्षं) घेऊ, की धाकटीच्या इंजिनिअरिंगच्या फीची एफडी मोडू? व्याह्यांपुढे कमीपणा नको वाटतो. – एक वाचक, सांगली

उत्तर: नमस्कार. दोन्ही नको. एफडीला तर हातच लावू नका. फीची तारीख कॉलेज पुढे ढकलत नाही.

कर्जाचा हप्ता बसेल साधारण 6,835 रुपये. तीन वर्षांत नुसतं व्याज 46,000 च्या घरात. पुढचा अधिक महिना 2029 च्या मार्च-एप्रिलमध्ये येतोय, तेव्हाही या धोंड्याचे हप्ते चालूच असतील. आणि कदाचित तोवर धाकटीचंही लग्न झालेलं असेल.

साखळीचंही बघा. घडणावळ 12 टक्के धरली आणि वर 3 टक्के जीएसटी, तर दीड लाखात सोनं येतं 1 लाख 30 हजारांचं. उरलेले 20,000 मोडीच्या वेळी परत मिळत नाहीत. एवढ्या पैशात जवळपास सगळं वाण होतं!

चांद्र वर्ष सुमारे 11 दिवसांनी लहान, तीन वर्षांत 33 दिवस साठतात, म्हणून 33 अनारसे अशी आपल्याकडची समजूत. तीन दिवस तांदूळ भिजवायचे, गूळ घालून पीठ मुरवायचं, खसखशीवर थापून तुपात सोडायचं. जाळी पडली की घरभर आनंद. हे सासूबाईंच्या हातचं असतं, म्हणून त्याला मोल. चांदीचा संच ही अलीकडच्या जाहिरातींची भर आहे, रीत नव्हे. तुमच्यासारखी पाच-सहा पत्रं या महिन्यात आली, वाचून जीव तुटतो.

माझा हिशोब 25,000 चा, तोही शिलकीतून: तांब्याचं ताम्हण, चांदीचं छोटं निरांजन, घरचे अनारसे, दोघांना कपडे, पुरणाच्या धोंड्यांचं जेवण. जूनपासून महिना 1,000 ची आरडी लावा. फेब्रुवारी 2029 पर्यंत 33 हप्ते, मुद्दलच 33,000. पुढच्या वाणाची सोय झाली.

सराफाकडे बयाणा देण्याआधी थोरलीला एक फोन करा. सासरी खरंच काही अपेक्षा आहे का, हे तिलाच ठाऊक असेल. आणि कर्जाचं तिच्यापासून लपवू नका.