कम्युनिटी कॉलेजमधून निवडक विद्यापीठात ट्रान्सफर कसा मिळवावा आणि पहिल्या वर्षी राहावे कुठे?

तुमच्या प्रश्नावरून मला समजले ते असे की, तुम्ही कॅलिफोर्नियातील एका कम्युनिटी कॉलेजात (पहिल्या दोन वर्षांचे शिक्षण देणाऱ्या सार्वजनिक कॉलेजात) विद्यार्थी व्हिसावर दुसऱ्या वर्षाला आहात, पुढच्या फॉल, म्हणजे शरद ऋतूतल्या, सत्रासाठी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या बर्कली आणि लॉस एंजेलिस या दोन्ही कॅम्पसना ट्रान्सफरचा अर्ज करणार आहात, आणि प्रवेश मिळाल्यास कॅम्पसवर राहावे की बाहेर स्वस्तात खोली घ्यावी याचा विचार तुम्ही प्रवेशानंतरसाठी राखून ठेवला आहे. मी याच वाटेने या विद्यापीठाच्या एका कॅम्पसवर गेले आणि तिथूनच पदवी घेतली. त्या अनुभवावरून सांगते की राहण्याचा विचार मागे ठेवू नका. ट्रान्सफर विद्यार्थ्याच्या हातात दोनच वर्षे असतात. बर्कली आणि मर्सेड सोडले तर या विद्यापीठाचे पदवी शिक्षण देणारे बाकी सातही कॅम्पस क्वार्टर पद्धतीने चालतात, म्हणजे तिथे तुमच्या वाट्याला सुमारे दहा-दहा आठवड्यांच्या शिकवणीचे फक्त सहा क्वार्टर येतात. त्यांतला पहिला क्वार्टर घडी बसवण्यात गेला तर सहावा हिस्सा गेला.

आधी अर्जाविषयी. निवडक विद्यापीठ म्हटले की पहिल्या वर्षाच्या प्रवेशाचे चित्र डोळ्यांसमोर येते: शाळेतले गुण, स्पर्धा, पदके. ट्रान्सफरची निवड त्याहून वेगळी असते आणि माझ्या मते अधिक सरळ असते. १९६० च्या मास्टर प्लॅनने कॅलिफोर्नियात उच्च शिक्षणाची जी रचना ठरवली, तिच्यात कम्युनिटी कॉलेजातून विद्यापीठात जाण्याचा रस्ता मुद्दाम राखला गेला, आणि आजही बर्कली व लॉस एंजेलिस येथे ट्रान्सफरने निवडले जाणारे बहुसंख्य विद्यार्थी राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांमधूनच येतात. निवडणारे प्रामुख्याने पाहतात ते हे, की तुम्ही ज्या मेजरसाठी, म्हणजे पदवीच्या मुख्य विषयासाठी, अर्ज करता त्याचा पाया तुम्ही किती पूर्ण केला आहे आणि त्या विषयांत गुण कसे आहेत. म्हणून सरासरी आकडे वाचून घाबरू नये आणि निर्धास्तही होऊ नये. एकाच कॅम्पसवर इतिहासाला आणि संगणकशास्त्राला प्रवेश मिळण्याची शक्यता इतकी वेगळी असते की दोघांची सरासरी काढून तुम्हाला काहीच कळत नाही.

तुमच्या कॉलेजातला कोणता कोर्स विद्यापीठातल्या कोणत्या कोर्सच्या जागी धरला जातो, हे ‘असिस्ट’ या राज्याच्या अधिकृत संकेतस्थळावर कॉलेज, कॅम्पस आणि मेजर निवडून पाहता येते. ते पान छापून घ्या आणि काउन्सेलरसमोर बसून एकेक ओळ तपासा. किमान अटी अशा: ट्रान्सफर होण्याजोगे ६० सेमिस्टर किंवा ९० क्वार्टर युनिट (कोर्सचे श्रेयांक), त्यांत इंग्रजी लेखनाचे दोन कोर्स, गणिताचा एक आणि इतर शाखांतले चार. या अटी पूर्ण झाल्या म्हणजे अर्ज विचारात घेतला जातो एवढेच. विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या मेजरमध्ये सामान्य शिक्षणाचा (मेजरबाहेरच्या सक्तीच्या विषयांचा) एखादा कोर्स राहिला तरी चालतो, पण गणित-भौतिकशास्त्राच्या साखळीतला एक कोर्स राहिला की अर्ज तिथेच कमकुवत होतो. पुष्कळ जण याच्या उलट करतात. सामान्य शिक्षणाचा नमुना आधी पूर्ण करतात आणि मेजरचे कठीण कोर्स शेवटच्या सत्रासाठी ठेवतात. मग निवड होताना ते कोर्स नियोजित म्हणून दिसतात आणि त्यांचे गुण मात्र दिसत नाहीत.

तुम्ही दोनच कॅम्पसची नावे लिहिली आहेत, त्याची मला काळजी वाटते. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ हे सहा कॅम्पस कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना ठरावीक अटी पूर्ण केल्यास प्रवेशाची हमी देतात. ही हमी एकाच कॅम्पसपुरती घेता येते आणि तिचा अर्ज सप्टेंबरमध्ये, मुख्य अर्जाच्या आधी, करावा लागतो. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो ती देत नाहीत. पण एका कॅम्पसची हमी घेऊन या तिघांना अर्ज करायला कोणतीही आडकाठी नाही. काही मेजर हमीतून वगळलेले असतात, तेवढे आधी बघा. तुमच्या कॉलेजात ऑनर्स कार्यक्रम असेल आणि तो लॉस एंजेलिसच्या ट्रान्सफर अलायन्स कार्यक्रमाशी जोडलेला असेल, तर तो पूर्ण केल्याने तिथे अर्जाला प्राधान्य मिळते. खासगी विद्यापीठांविषयी थोडक्यात: तिथे प्राध्यापकांची शिफारसपत्रे आणि बहुधा शाळेच्या गुणपत्रिकाही लागतात, आणि जागा फारच कमी असू शकतात. प्रिन्स्टनने तर १९९० पासून ट्रान्सफर घेणेच थांबवले होते, ते २०१८ मध्ये पुन्हा सुरू केले.

मुख्य अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दाखल होतो. गुणपत्रिका पाठवायची नसते; कोर्स आणि गुण तुम्ही स्वतः भरायचे असतात, आणि खरी गुणपत्रिका प्रवेशानंतर जाते. येथे मी जवळजवळ चुकले होते. एका उन्हाळ्यात मी शेजारच्या दुसऱ्या कॉलेजात सांख्यिकीचा कोर्स घेतला होता आणि तिसऱ्या आठवड्यात सोडला होता. गुण नाहीत, युनिट नाहीत, म्हणून मी तो धरलाच नव्हता. अर्ज पाठवण्याच्या आदल्या रात्री टेबलावर कागद पसरून प्रत्येक ओळ पुन्हा जुळवताना त्या कॉलेजची फी भरल्याची पावती हाताला लागली, तेव्हा लक्षात आले की तिथल्या गुणपत्रिकेवर माझ्या नावापुढे डब्ल्यू, म्हणजे कोर्स मध्येच सोडल्याची खूण, आहे आणि अर्जात ते कॉलेजच नाही. मी रात्री एक वाजता ते कॉलेज, तो कोर्स आणि तो डब्ल्यू भरला. एका डब्ल्यूने कोणाचा प्रवेश जात नाही. लपवलेले कॉलेज मात्र नंतर सापडले तर मिळालेला प्रवेश रद्द होऊ शकतो. एक दिवस जरी नाव नोंदवले असेल, तरी ते कॉलेज लिहा.

अर्जात चार प्रश्नांची उत्तरे लिहायची असतात, प्रत्येकी जास्तीत जास्त ३५० शब्दांत. सात प्रश्नांतून तीन तुम्ही निवडता, पण ट्रान्सफरसाठी एक सक्तीचा असतो आणि तो विचारतो की तुम्ही तुमच्या मेजरसाठी काय तयारी केली आहे. याचे उत्तर ‘मला लहानपणापासून आवड आहे’ येथून सुरू करू नका. कोणत्या कोर्समध्ये कोणत्या प्रश्नाने तुम्हाला अडवले, तुम्ही त्यासाठी कोणाकडे गेलात, पुढे काय वाचले किंवा बनवले, आणि आता विद्यापीठात तेच कुठपर्यंत न्यायचे आहे, एवढे साध्या वाक्यांत लिहा. ही उत्तरे वाचणाऱ्याला तुम्ही भरलेले कोर्स आणि गुण दिसतातच. त्यांत जे दिसत नाही तेच लिहायला हवे. जानेवारीत फॉलचे गुण आणि स्प्रिंगचे कोर्स कळवण्यासाठी एक फॉर्म भरावा लागतो. तो भरायला विसरू नका आणि त्यानंतर कोणताही कोर्स सोडलात तर लगेच कळवा.

निकाल साधारण एप्रिलअखेर लागतो आणि स्वीकार कळवण्याची मुदत १ जून असते. लोक येथे थांबतात, आणि राहण्याची गडबड येथूनच सुरू होते. प्रवेश स्वीकारणे आणि राहण्याचा अर्ज करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांच्या मुदती वेगळ्या असतात, आणि राहण्याची जी हमी कॅम्पस देतो ती मुदतीत अर्ज केला तरच लागू होते. लॉस एंजेलिसने २०२२ च्या फॉलपासून पहिल्या वर्षाला येणाऱ्यांना चार वर्षांची आणि ट्रान्सफरने येणाऱ्यांना दोन वर्षांची हमी दिली आहे. बर्कलीने २०२४ मध्ये ‘अँकर हाउस’ ही ७७२ खाटांची इमारत खास ट्रान्सफर विद्यार्थ्यांसाठी उघडली, जिथे घरांना स्वतःचे स्वयंपाकघर आहे. दुसरीकडे, २०२१ च्या फॉलमध्ये सँटा बार्बरा येथे जागा इतकी अपुरी पडली की विद्यापीठाला विद्यार्थ्यांना हॉटेलांत ठेवावे लागले. म्हणून कॅम्पस निवडताना, त्या वर्षी ट्रान्सफर विद्यार्थ्यांसाठी नेमकी काय हमी आहे, हे त्या कॅम्पसच्या गृहनिर्माण विभागाकडून लेखी विचारून घ्या.

आता माझी चूक सांगते, कारण तुम्ही तीच करण्याच्या बेतात दिसता. पैसे वाचावेत म्हणून मी कॅम्पसपासून बसने तासाभरावर एका अपार्टमेंटमधली खोली घेतली. घरमालक सज्जन होते, खोलीही चांगली होती. पण माझ्या कठीण कोर्सचा अभ्यासगट रात्री आठला लायब्ररीत जमत असे आणि शेवटची सोयीची बस नऊ वीसला सुटत असे. मला अजून आठवते, फळ्यावर तिसरे उदाहरण अर्धे सुटलेले असायचे, गटातले कोणीतरी म्हणायचे, ‘थांब ना, एवढे होऊ दे,’ आणि मी वही मिटून पायऱ्या उतरत असे. चौथ्या आठवड्यात मिडटर्म झाली आणि कम्युनिटी कॉलेजात कधी न पाहिलेले गुण मला मिळाले. सुदैवाने जानेवारीत कॅम्पसवरच्या ट्रान्सफर मजल्यावर एक जागा रिकामी झाली आणि मी, घेतलेल्या खोलीसाठी बदली भाडेकरू शोधून, तिकडे गेले. त्या मजल्यावर स्वयंपाकघरात रात्री अकराला चहा ठेवायला गेले की तिथे हमखास कोणीतरी तोच गृहपाठ घेऊन बसलेले असे, आणि तेही माझ्यासारखेच वीस-एकवीस वर्षांचे, नवे आणि घाईतले. पहिल्या वर्षापासून आलेल्यांचे मित्रमंडळ तोवर पक्के झालेले असते. ट्रान्सफर विद्यार्थ्याला आपली माणसे आपणहून शोधावी लागतात, आणि ती एकाच मजल्यावर असली की तो शोध फार सोपा होतो.

त्यामुळे माझे स्पष्ट मत असे आहे की पहिले वर्ष कॅम्पसवर, आणि शक्यतो ट्रान्सफर विद्यार्थ्यांसाठी राखलेल्या जागेत काढा, थोडे महाग पडले तरी. दुसऱ्या वर्षी ओळखीच्या लोकांबरोबर बाहेर घर घेणे सोपे जाते. डॉर्म (वसतिगृहातली खोली) आणि कॅम्पसचे अपार्टमेंट यांत निवड असेल तर खर्च नीट मांडून पाहा. डॉर्ममध्ये मील प्लॅन, म्हणजे कॅम्पसच्या भोजनालयाची आगाऊ योजना, सहसा सक्तीचा असतो आणि एका खोलीत तिघे असणे अगदी सामान्य आहे. अपार्टमेंटमध्ये स्वयंपाक करता येतो, मात्र त्यात आठवड्याचे तास जातात. राहण्याच्या अर्जात झोपण्याची वेळ, स्वच्छता, पाहुणे यांविषयी प्रश्न असतात. तिथे आपण कसे असायला हवे ते लिहू नका, आपण जसे आहात ते लिहा, कारण रूममेट त्यावरून ठरतो. हिवाळ्याच्या सुट्टीत इमारत बंद असते का, हे व्हिसावर असलेल्यांनी जरूर विचारावे; त्या तीन आठवड्यांत जायला तुमच्याकडे घर नसेल. करार मध्येच सोडल्यास किती पैसे जातात, हेही सही करण्यापूर्वी वाचा.

बाहेर घर घेणे भागच पडले, तर तीन गोष्टी लक्षात असू द्या. लीज बहुधा बारा महिन्यांची असते, म्हणजे उन्हाळ्याचे भाडेही तुमच्यावर पडते. चौघांनी एकत्र सही केली असेल तर एकाने भाडे थकवल्यास घरमालक ते उरलेल्या तिघांकडून वसूल करू शकतो. आणि उत्पन्नाचा पुरावा, क्रेडिट इतिहास किंवा अमेरिकेतील जामीनदार मागितला जातो, जो नव्याने आलेल्या विद्यार्थ्याकडे सहसा नसतो. तो नसेल तर जास्त डिपॉझिट देऊन काम भागते असे पूर्वी चालायचे, पण १ जुलै २०२४ पासून कॅलिफोर्नियात डिपॉझिट सामान्यतः एका महिन्याच्या भाड्याहून अधिक घेता येत नाही, फक्त काही छोट्या घरमालकांना दोन महिन्यांची सूट आहे.

व्हिसाचे एक काम राहते. प्रवेश स्वीकारल्यावर तुमच्या सध्याच्या कॉलेजातील आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून तुमची सेव्हिस नोंद (अमेरिकी सरकारच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या यादीतली नोंद) नव्या विद्यापीठाकडे हलवून घ्यावी लागते आणि त्यासाठी एक तारीख ठरवावी लागते. त्या तारखेनंतर जुन्या कॉलेजातील कॅम्पसवरची नोकरी करता येत नाही आणि नवा आय-२०, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा दाखला, नवीन विद्यापीठच देते. उन्हाळ्यात त्या नोकरीच्या पगारावर पहिल्या महिन्याचे भाडे भरण्याचा बेत असेल, तर ही तारीख ठरवण्याआधी गृहनिर्माण विभागाचा पहिला हप्ता कधी भरायचा आहे ते पाहून घ्या, आणि दोन्ही तारखा एकाच कागदावर लिहून त्या कार्यालयात जा.