जुन्या कबरीवर फक्त ‘बायबल बाई’ असं वाचता येतं. ही बाई कोण असावी?

तुम्ही लिहिलंय की नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर म्हणायचं) तुमच्या गावाबाहेर जुनी ख्रिस्ती दफनभूमी आहे, तिथल्या एका दगडावरची अक्षरं झिजलीत आणि ‘बायबल बाई’ एवढंच लागतं. हे नाव, आडनाव की पदवी, असं विचारलंत.

ती नोकरी होती. माझी पणजी तीच करायची, म्हणून लिहायला बसले.

शब्द मूळचा लंडनचा. १८५७ मध्ये एलन रॅनयार्ड या बाईंनी तिथल्या गरीब वस्त्यांमधल्याच बायका हाताशी धरून घरोघर बायबल पोचवायचं काम सुरू केलं, आणि मिशनऱ्यांबरोबर तो शब्द इकडे आला. नगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून होतं, मिशनचं ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये तिथूनच निघालं. पुरुष उपदेशकाला चावडीवर, फार तर ओसरीवर बोलता यायचं. आत चुलीपाशी, जात्यापाशी जायचं तर बाईच हवी, आणि तीही आपल्याच बोलीत बोलणारी. म्हणून बायबल बाई.

पणजी १८७६-७७ च्या दुष्काळात पोरकी झाली. सहाएक वर्षांची असेल. कुणीतरी नगरला मिशनच्या शाळेत आणून सोडलं, तिथेच ती वाचायला शिकली. ‘पोटासाठी बाटले’ हा टोमणा आमच्या घराने पुढे तीन पिढ्या ऐकला. पणजीला तो कधी लागला नाही म्हणतात. ती सरळ म्हणायची, “हो, भुकेलीच होते. म्हणून तर भाकर देणाऱ्याचं नाव विचारलं.”

लग्न मिशनच्या शाळेतल्या मास्तरांशी झालं. ते प्लेगात गेले. पदरात दोन पोरं. त्यानंतर तिने हे काम धरलं. पगार महिन्याला मोजके रुपये, हद्दीत पाच-सहा गावं, आणि वाहन म्हणजे पाय.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. नवरा गेल्यावर तिने बांगड्या फोडल्या नाहीत. मडमबाईंनी सांगितलं म्हणे, की आपल्यात तसं काही नाही. कुंकू तर आधीपासूनच नव्हतं. आता ही बाई नऊवारी नेसून, डोक्यावर पदर घेऊन, हातात हिरव्या बांगड्या घालून गावात शिरायची आणि बायका तिच्या तोंडाकडे न बघता हाताकडे बघायच्या. विधवा आणि बांगड्या! कुणी तोंडावर बोललं, कुणी दार लावून घेतलं. पण एक-दोघी मागून येऊन हळूच विचारायच्या, “तुमच्यात खरंच चालतं व्हय?” माझ्या मते तिचा निम्मा उपदेश त्या बांगड्यांनीच केला.

आमची माणसं मूळची महारवाड्यातली. धर्म बदलला तरी विहीर बदलली नाही. ज्या घरात तिचं वाचन मन लावून ऐकायचे, त्याच घरात पाणी वरून ओंजळीत ओतायचे. ती प्यायची आणि पुस्तक उघडायची. मला याचा राग येतो. तिला येत होता की नाही, हे आजीलाही सांगता आलं नाही.

तिचं ते बायबल आज माझ्याकडे आहे. खणाच्या तुकड्यात बांधलेलं असतं. पानं चहाच्या रंगाची झालीत, कडांना चिमणीची काजळी. सगळ्यात मळलेलं पान लूकच्या पंधराव्या अध्यायाचं, खालचा कोपरा बोटांनी झिजून गोल झालाय. हरवलेल्या नाण्याची गोष्ट. एका बाईकडे दहा नाणी असतात, एक हरवतं, मग ती दिवा लावून घर झाडते. पणजी ही गोष्ट वाचायचीच नाही. पुस्तक मिटून मांडीवर ठेवायची, त्या घरातली केरसुणी हातात घ्यायची आणि खरोखर झाडायला लागायची. कणगीमागे, उतरंडीखाली, जात्याच्या पाळीपाशी. झाडता झाडता विचारायची, “कुठं गेला असंल गं रुपाया?” बायका सुचवायला लागायच्या. चुलीच्या मागं बघा, गोधडीत बघा. मग कुणीतरी स्वतःच म्हणायची, “घावला!” तेव्हा कुठे ती सांगायची की देव तुला असाच शोधतोय.

त्या काळचं मराठी बायबल खेड्यातल्या बाईला जड जायचं. पुणे जिल्ह्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंनी सोप्या मराठीतल्या भाषांतरासाठी वर्षानुवर्षं खपून काम केलं ते याचसाठी. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि ते पूर्ण बायबल १९२४ मध्ये निघालं. पणजीच्या हाती ते आलं नाही, म्हणून तिचं भाषांतर केरसुणीने चालायचं.

घरात मात्र ती कडक. दहा आज्ञा म्हणून दाखवल्याशिवाय ताटात भाकरी पडायची नाही. जत्रेला जायचं नाही, तमाशाचं नाव काढायचं नाही. रविवारी देवळात (आम्ही चर्चला देऊळच म्हणायचो) पहिली घंटा व्हायच्या आत बसलेलं पाहिजे. लेक म्हणजे माझी आजी, ती एकदा जत्रेतल्या पाळण्यात बसून आली तर दोन दिवस अबोला. आजी सत्तरीतही ते विसरली नव्हती. “देवानं माफ केलं असतं,” म्हणायची, “म्हातारीनं न्हाई केलं.”

आता मरणाचं. १९१८. देशभर इन्फ्लुएन्झाने एक कोटीच्या वर माणसं गेली. आपल्याकडे त्याला मानमोडी म्हणायचे, माणूस मान टाकायचा म्हणून. साथ आमच्याकडे दसरा-दिवाळीच्या सुमाराला आली. त्या वर्षी पावसानेही दगा दिला होता, त्यामुळे घरात दाणा नाही आणि उठून पाणी द्यायला माणूस नाही. पणजी हंडीत कण्यांची पेज करून दारोदार फिरली. आजी तेव्हा दहा वर्षांची, मागे वाडगं घेऊन. या वेळी कुणी पाणी वरून ओतलं नाही. ज्या घरात ती उंबऱ्याच्या आत कधी गेली नव्हती तिथे माजघरात जाऊन तिने लोकांची डोकी मांडीवर घेतली.

पंधरा दिवसांनी तिलाच ताप भरला. चौथ्या दिवशी गेली. शेवटी काही मोठं बोलली असेल असं तुम्हाला वाटत असेल, तर नाही. आजीला विचारलं, “हंडी घासली का?” एवढंच.

पाळकसाहेब (चर्चचे पाद्री) स्वतः आजारी होते. उचलायला पुरुष नाहीत, सुतार नाही, मग पेटी कुठली? गोधडीत गुंडाळून बाजेवर घातली आणि सहा बायकांनी बाज उचलली. त्यातल्या दोघी आमच्या मंडळीतल्या (म्हणजे चर्चच्या सभासदांतल्या) नव्हत्या. गावात बायका तेव्हा मयताबरोबर जात नसत. त्या दिवशी त्या गेल्याच, वर खड्डाही त्यांनीच खणला. जमीन पावसाअभावी दगड झालेली, कंबरभरसुद्धा खोल गेला नाही. कुत्री उकरतील म्हणून वर धोंडे रचले. प्रार्थना येत होती ती एका दहा वर्षांच्या पोरीला, कारण तिने रोज भाकरीआधी म्हटली होती.

दगड नंतर आला. आजी शिक्षिका झाली तेव्हा पगारातून बसवला. मंडळीच्या वहीत मयताची नोंद काढली तर तिथे ‘अमक्या मास्तरांची विधवा, बायबल बाई’ एवढंच. तिचं नाव लिहायचं राहून गेलेलं. गवंड्याने वहीत होतं तेच कोरलं असतं, आजीने शेजारी उभं राहून नाव घालून घेतलं.

म्हणून तुमच्या दगडावर नाव झिजलंय की मुळातच कोरलं नव्हतं, हे आधी बघा. सकाळी ऊन तिरपं असताना जा, ओलं फडकं फिरवा आणि बाजूला बसून बघा, खालच्या ओळी उठतात. खरवडू नका, चुना लावू नका. मग जवळच्या मंडळीत जाऊन पाळकांना जुनी बाप्तिस्म्याची आणि मयताची वही मागा. मयताच्या वहीत नाव नसलं तर बाप्तिस्म्याच्या वहीत मुलांच्या नोंदी चाळा. तिथे आईचं नाव लिहिलेलं असू शकतं. आमच्या पणजीचं तिथेच सापडलं होतं.