जर्मनीत केमिस्ट्री: फी आधी बघ, पण लॅब नीट बघ

तू विचारलंस की बीएस्सी केमिस्ट्रीनंतर कमी खर्चात चांगली मास्टर्स जर्मनीत कुठे होईल, आणि तिथे खरंच फी नसते का. मी याच वाटेने आले, म्हणून सविस्तर लिहिते.

बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, फक्त सेमिस्टरचं शुल्क असतं. अपवाद मात्र ध्यानात ठेव. हायडेलबर्ग, फ्रायबुर्ग, कार्ल्सरूह ज्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात आहेत, तिथे आपल्याला सेमिस्टरला १५०० युरो पडतात. म्युनिकच्या टेक्निकल विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सला सेमिस्टरमागे ४००० ते ६००० युरो लावले आहेत.

खरा पैसा जातो तो राहण्यात. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात आणि त्यातून महिन्याला ९९२ युरो सुटतात. म्युनिकमध्ये घरभाडं आणि आरोग्यविमा भरून त्यातलं फारसं उरत नाही. हाले, मारबुर्ग, ग्योटिंगन अशी गावं बघ. गाव लहान म्हणून विद्यापीठ हलकं धरू नकोस. टर्पीनवरच्या, म्हणजे झाडांच्या सुगंधी तेलांतल्या द्रव्यांवरच्या कामासाठी १९१० चं नोबेल मिळालेले ओटो वालाख ग्योटिंगनलाच शिकवायचे.

आता लॅबचं. प्रत्येक अभ्यासक्रमाचं मोड्यूलहांडबुख, म्हणजे विषयवार माहितीपुस्तिका, वेबसाइटवर असतं, कंटाळा न करता ते वाच. कुठल्या विषयाला प्रॅक्टिकलचे किती तास, हे त्यात लिहिलेलं असतं. १२० क्रेडिटांच्या मास्टर्समध्ये शेवटचे ३० सहसा प्रबंधाचे असतात. त्याआधी फोर्शुंग्सप्राक्टिकुम, म्हणजे एखाद्या संशोधन गटात जाऊन केलेलं काम, किती आठवड्यांचं आहे ते शोध. माझ्या मते केमिस्ट्रीत पैसे वसूल होतात ते तिथेच.

माझ्या पहिल्याच प्राक्टिकुममध्ये रेणूची रचना दाखवणाऱ्या एनएमआर मशीनमध्ये सॅम्पल मी स्वतः लावलं. पाच मिलिमीटरची नळी, त्यात ड्युटेरेटेड, म्हणजे जड हायड्रोजनचं, क्लोरोफॉर्म. नळी बाहेरून पुसायची, स्पिनरमध्ये, म्हणजे नळी धरणाऱ्या तुकड्यात, घालून खोली मोजायची. पडद्यावरच्या आलेखात ७.२६ ला क्लोरोफॉर्म दिसला आणि ४.१२ ला एक नकोसा क्वार्टेट, म्हणजे चार रेघांचा गट. इथाइल अ‍ॅसिटेट हे द्रावक उडालंच नव्हतं! फ्लास्क पुन्हा व्हॅक्यूमला लावला. बीएस्सीत स्पेक्ट्रम फक्त झेरॉक्सवर पाहिलेला, त्यामुळे त्या एका दुपारी जे कळलं ते आधी कधीच कळलं नव्हतं.

याच्या उलटही सांगते. एका खाजगी कॉलेजला मी आगाऊ रक्कम भरायच्या बेतात होते. एनएमआर कुठे आहे असं विचारलं, तर उत्तर आलं, ‘सॅम्पल बाहेर पाठवतो.’ मी पैसे भरले नाहीत. तूही हा प्रश्न विचार, आणि ऑफिसला विचारण्यापेक्षा तिथे शिकणाऱ्या मुलांना विचार: मशीनला हात कोण लावतं, आणि नंबर किती दिवसांनी लागतो?

मास्टर्स इंग्रजीत मिळते, तरी जर्मन आत्तापासूनच शीक. लॅबमधल्या सूचना, टेक्निशियनशी बोलणं, पुढे नोकरी, सगळीकडे ती लागते. अर्ज तपासताना इनऑरगॅनिक, ऑरगॅनिक, फिजिकल आणि प्रॅक्टिकल यांचे क्रेडिट वेगवेगळे मोजतात, तेव्हा कॉलेजकडून तासांसकट सविस्तर अभ्यासक्रम शिक्का मारून घे. भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्रही, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला, लागतं आणि त्याला वेळ जातो. विद्यापीठं पक्की होईपर्यंत थांबू नकोस, तो अर्ज याच महिन्यात टाक.