‘विकेंद्रित सरकार’ नव्हे, वळत्या अधिकारांचं सरकार

विचारणा अशी आहे : ‘वेल्सच्या विकेंद्रित सरकारला आमदारांनी धारेवर धरले’ असं बातमीत वाचलं. लंडनच्या पार्लमेंटने काही विषयांचे अधिकार ज्याला दिले आहेत अशा सरकारला इंग्रजीत ‘डिव्हॉल्व्ह्ड’ म्हणतात, त्यासाठी ‘विकेंद्रित’ बरोबर का? आणि तिथल्या सभासदांना आमदार म्हणावं का?

‘विकेंद्रित’ साफ चूक. बातम्यांत हा शब्द पुन्हा पुन्हा भेटतो आणि दर वेळी डोकं फिरतं. विकेंद्रीकरण कारखान्यांचं होतं, कचेऱ्यांचं होतं. विकेंद्रित सरकार म्हणजे चार गावांत विखुरलेलं सरकार. वेल्सचं सरकार तर कार्डिफमध्ये एका जागी बसतं. यावर कोणी सांगेल की वेल्श भाषेतला ‘दतगनोली’ हा शब्दही ‘कॅनॉल’ म्हणजे केंद्र यावरूनच झाला आहे. झाला असेल, त्यांच्याकडे तो याच अर्थाने रुळला, आपल्याकडे ‘विकेंद्रित’ची जागा आधीच भरलेली आहे.

दुसरा पक्ष वित्त आयोगाच्या बातम्यांतलं, केंद्राच्या करांतला वाटा राज्यांना देण्यासाठी वापरलेलं ‘हस्तांतरण’ पुढे करतो. तेही मला मान्य नाही. खरेदीखत झालं की विकणाऱ्याचा जमिनीवरचा हक्क संपतो. लंडनच्या पार्लमेंटने वेल्ससाठी कायदे करायचा हक्क सोडलेला नाही. वेल्सच्या कारभाराबद्दलच्या 2006 च्या कायद्यात तसं स्पष्ट लिहिलं आहे. असेच अधिकार मिळालेली उत्तर आयर्लंडची विधानसभा 2002 मध्ये स्थगित झाली, तेव्हा 2007 पर्यंत तिथला कारभार लंडनहून चालला. याला हस्तांतरण कसं म्हणायचं?

आता ‘डिव्होल्यूशन’ या शब्दाचं मूळ बघा. लॅटिनमध्ये ‘डे’ म्हणजे खाली आणि ‘व्होल्व्हेरे’ म्हणजे फिरवणं, लोटणं. संस्कृत ‘वल्’ त्याचा चुलतभाऊ. त्याच ‘वल्’चं वलय, आणि आपलं वळणं, वळण, वळवणं! बँकेत आपण रोज म्हणतो, ‘रक्कम कर्जखात्यात वळती केली’. शब्द घरातच आहे. रात्री दारं धरायला गेलेला माणूस खोऱ्याने माती ओढतो, वाफ्याचं तोंड उघडतो, पाणी आत वळतं. त्या पाण्यावर पीक वाफ्यातलंच पोसतं, पण वरचं दार पाटकऱ्याच्या हातात असतं. डिव्होल्यूशन म्हणजे नेमकं हेच. म्हणून म्हणा : अधिकार वळते केले, वळत्या अधिकारांचं सरकार.

सभागृहात प्रश्न विचारताना हा शब्द फार उपयोगी पडतो. वेल्सच्या सेनेदमध्ये, म्हणजे तिथल्या विधिमंडळात, दर मंगळवारी दुपारी मुख्यमंत्र्यांना प्रश्न विचारतात. बाकी सभासद प्रश्न आधी देतात, कोणाचे घ्यायचे ते सोडतीने ठरतं. विरोधी पक्षांचे नेते मात्र आगाऊ न कळवता विचारतात. पण विषय वळता झालेला हवा. वेल्समधले पोलीस लंडनच्या अखत्यारीत आहेत, त्यांच्या कारभाराचा जाब कार्डिफला विचारून उपयोग नाही. वस्तीतल्या रस्त्यांवरची वेगमर्यादा 2017 च्या कायद्याने वळती झाली. 17 सप्टेंबर 2023 पासून ती ताशी 30 मैलांवरून 20 वर आली, विरोधी अर्जावर साडेचार लाखांहून जास्त सह्या पडल्या, आणि त्याचं उत्तर कार्डिफच्या मंत्र्यांनाच द्यावं लागलं. तिथे ‘हे आमच्याकडे नाही’ म्हणायची सोय नव्हती.

आमदार म्हणायला हरकत नाही.