भुताच्या घराआधी माणसाचे घर

सप्रेम नमस्कार,

आपल्या पत्राचा आशय असा की, बारावी विज्ञान शाखेत शिकणाऱ्या आपल्या कन्येने ‘बीटलज्यूस’ हा चित्रपट पाहिल्यापासून प्रॉडक्शन डिझायनर, म्हणजे चित्रपटातील जागा, सेट आणि वस्तू कशा दिसाव्यात हे ठरवणारी व्यक्ती, होण्याचा ध्यास घेतला आहे, आणि ‘भुतांच्या विनोदी सिनेमांचे देखावे रंगवून’ पोट भरते का, अशी आपल्याला चिंता आहे. चिंता रास्त आहे. कामाचे वर्णन मात्र अपुरे आहे.

१९८८ सालच्या त्या चित्रपटाचे प्रॉडक्शन डिझायनर बो वेल्च हे वास्तुकला शिकून चित्रपटांकडे वळले होते. कथेतील तरुण जोडपे अपघातात मरते आणि भूत होऊन आपल्याच घरात राहते. पुढे न्यूयॉर्कहून आलेले श्रीमंत कुटुंब ते घर विकत घेऊन त्याचा कायापालट करते. म्हणजे डिझायनरला एकच घर दोनदा रचावे लागले. आधीचे साधे, ऊबदार, गावाकडचे घर प्रेक्षकाला इतके खरे वाटले पाहिजे की, नंतरचे टोकदार, मिरवणारे घर पाहून त्याला हसू यावे आणि त्याने नकळत भुतांची बाजू घ्यावी. परलोक तर चक्क सरकारी कचेरी आहे, जिथे मेलेल्यांनाही नंबर घेऊन ताटकळत बसावे लागते. बाकडी आणि खिडकीमागच्या कर्मचारी बाई ओळखीच्या नसत्या, तर हा विनोद उभाच राहिला नसता. शिवाय माळ्यावर गावाची छोटी प्रतिकृती आहे आणि पात्रे तिच्यात शिरतात, त्यामुळे तीच जागा लहान व पूर्ण अशा दोन्ही मापांत जुळवावी लागते. हे काम रंगाच्या ब्रशाइतकेच मोजपट्टीचे आहे.

आपल्याकडे ‘झपाटलेला’ (१९९३) मधील तात्या विंचूचा बाहुला रामदास पाध्ये यांनी घडवला, हे आपल्याला ठाऊक असेल. असा बाहुला पडद्यावर हलतो तेव्हा त्याला हलवणारा माणूस कुठे दडणार, त्यासाठी पलंग किती उंच हवा, कॅमेऱ्यासाठी कोणती भिंत काढता यायला हवी, याचा विचार सेटचा आराखडा काढतानाच करावा लागतो. त्यानंतर खर्चाचा अंदाज, आणि सुतार, साचे घडवणारे मोल्डर, पेंटर यांच्याकडून ठरल्या दिवशी काम पुरे करून घेणे आलेच.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा की, मुलीने गणित व भौतिकशास्त्र घेतलेलेच असेल तर ‘नाटा’ ही वास्तुकलेची प्रवेश परीक्षा देऊन पाच वर्षांची वास्तुकलेची पदवी घ्यावी. तिचा ओढा मोजमापापेक्षा चित्राकडे अधिक असेल, तर राज्याची कला प्रवेश परीक्षा देऊन उपयोजित कलेची (अप्लाइड आर्टची) चार वर्षांची पदवीही चालेल. या दोन्ही मार्गांनी पुढे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधील कला दिग्दर्शन व प्रॉडक्शन डिझाइनच्या अभ्यासक्रमासाठी प्रयत्न करता येतो. मी वास्तुकलेला झुकते माप देतो, कारण चित्रपटाचे काम मिळेनासे झाले तरी हातात स्वतंत्र व्यवसाय राहतो. आणि अशी वेळ येते. सुरुवातीची वर्षे सहायक म्हणून जातात, कामाचे तास अनियमित असतात, मोबदला कधी कधी उशिरा मिळतो. केवळ विनोदी भयपटांवर कुणाचे घर चालत नाही. जाहिराती, मालिका, वेब मालिका, रंगमंच हे सारे करावे लागते. हे तिच्यापासून लपवू नये.

प्रवेश अर्ज भरण्यापूर्वी तिला एक काम द्या. घरातील एखाद्या खोलीचे टेपने माप घेऊन तिने प्रमाणबद्ध आराखडा काढावा आणि पुठ्ठ्याची प्रतिकृती करावी. मग त्याच खोलीत भूत राहायला आले आहे, असे समजून केवळ तीन वस्तू बदलाव्यात, आणि प्रत्येक बदल का केला हे लिहावे. तिला कंटाळा कोणत्या टप्प्यावर आला, मापे घेताना की वस्तू निवडताना, हे पाहून मला कळवा. वरील दोन पदव्यांपैकी कोणती घ्यायची, ते त्यानुसार ठरवू.

आपला,
करिअर मार्गदर्शक